सागाच्या पानाचं वाळवण

दिनांक १९ मे, सोमवार. वेळ सकाळी साडेदहा. हजर : सर, संशोधन करणारी मुलगी, अळ्या सांभाळणाऱ्या मावशी आणि नोंदी ठेवणारी मी. गैरहजर : वीज, आठ वाजल्यापासून.

विजेची हजेरी नोंदवहीत नाही, ती मनातल्या मनात घेतली. बाकी सगळं निळ्या शाईत, समास सोडून लिहिलेलं आहे. एकवीस वर्षं मी या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक आहे. बैठक चौघांची असो की चाळिसांची, आधी तारीख, मग वेळ, मग हजेरी, हा क्रम मी मोडलेला नाही. त्या दिवशी पेन घामाने बोटांतून सटकत होतं. खिडक्या उघडल्या तर झळ आत येणार, बंद ठेवल्या तर अळ्यांच्या डब्यांचा वास. आम्ही वास पत्करला.

आमची प्रयोगशाळा लहान आहे. परभणीच्या बाहेर, तीन खोल्या आणि एक व्हरांडा. काम वनझाडांच्या किडींचं, त्यातही मुख्यतः सागाच्या. जिल्ह्यात जंगल नावापुरतं, पण साग पुष्कळ : बांधांवर, कालव्याच्या कडेने, रोपवाटिकांत. पाऊस स्थिरावला की त्यावर एक बारीक हिरवी अळी येते आणि पानाचा मऊ भाग खाऊन शिरांची जाळी तेवढी ठेवते. मोठं झाड त्यातून सावरतं. रोपवाटिकेतलं वीतभर रोप सावरत नाही. म्हणून तिथे औषध फवारावं लागतं, आणि किती फवारावं हे कुणीतरी आधी मोजून द्यावं लागतं. ते मोजणारे आम्ही.

मोजण्याची रीत अशी. अळ्या थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायच्या. मग एकेक भिंगाखाली घेऊन तिच्या पाठीवर औषधाचा अगदी बारीक थेंब सोडायचा. औषधाच्या पाच मात्रा, कमीकडून जास्तीकडे. प्रत्येक मात्रेला तीस अळ्या, आणि आणखी तीस अशा की ज्यांच्या थेंबात औषधच नाही. दोन दिवसांनी ब्रशचं टोक लावून बघायचं. वळवळली तर जिवंत. असं तीनदा करायचं. तिन्ही फेऱ्यांचे आकडे एकमेकांना धरून निघाले तर आकडा पक्का.

मुलीच्या पहिल्या दोन फेऱ्या धरून होत्या. मधल्या मात्रेला, म्हणजे तिसरीला, तीसपैकी सव्वीस अळ्या एकदा मेल्या, सत्तावीस दुसऱ्यांदा. मे महिन्यातल्या तिसऱ्या फेरीत त्याच मात्रेला पंधराच मेल्या, बाकीच्या मात्रांनाही तशाच कमी. उरलेल्या पंधरा अळ्या डब्यांच्या झाकणांवर चढून बसल्या होत्या. बैठक त्यासाठी होती.

मुलगी देवगाव फाट्याकडची. तेहतिशीची आहे, पण सहा वर्षांपूर्वी आली तेव्हापासून आम्ही तिला मुलगीच म्हणतो. तिच्यासाठी एका महाविद्यालयात जागा निघाली होती. तिच्यासाठी म्हणजे तिच्या विषयाची. असं क्वचित घडतं. अर्जाला प्रबंध सादर केल्याची पोच जोडायची होती आणि मुदत होती ३० जून. दोन वर्षांपूर्वी अशीच एक जागा पोच नाही म्हणून तिच्या हातून गेली होती. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, हे माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

सर चिडले नाहीत. निवृत्तीला चार वर्षं उरलेला माणूस मे महिन्यात विजेविना चिडत नाही. त्यांनी तक्ता लांब धरून वाचला आणि विचारलं, औषध कालवताना हात चुकला का. ती नाही म्हणाली. सुई तुंबली होती का. नाही. आदल्या रात्री झोप झाली होती ना, असंही विचारलं, तेव्हा मात्र तिचे कान लाल झाले. शेवटी त्यांनी सांगितलं की तिसऱ्या फेरीवर ‘हाताची चूक’ असा शेरा मारून ती बाद करायची, जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी घ्यायची आणि प्रबंध बांधायला द्यायचा. वेळ पुरतो का, असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी बोटांवर मोजलं आणि पुरतो म्हणाले.

शेरा लिहायचा मलाच होता. तो मला लिहवेना. या मुलीचा हात मी सहा वर्षं पाहिलाय. ती थेंब सोडते तेव्हा श्वास रोखून धरते, आणि तीस अळ्या झाल्या की उठून व्हरांड्यात एक फेरी मारून येते, म्हणजे बोटं ताठरत नाहीत. अशा हाताची चूक सगळ्या मात्रांना सारखी होत नाही. मी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि तिसऱ्या फेरीची पानं पुन्हा काढली.

माझ्या वहीत दर अळीपुढे ती कुठल्या डब्यातली, त्याचा क्रमांक असतो. डबे चोवीस. एक ते बारा वरच्या फळीवर, तेरा ते चोवीस खालच्या. मेलेल्या अळ्यांपुढे मी लाल फुली मारत गेले. दुसऱ्या पानावरच दिसायला लागलं. फुल्या जवळपास सगळ्या वरच्या फळीच्या होत्या. मधल्या मात्रेच्या पंधरापैकी तेरा वरच्या, खालच्या फक्त दोन. झाकणावर चढून बसलेल्या अळ्या जवळपास सगळ्या खालच्या फळीच्या.

वर पंख्याचा वारा लागतो, खाली नाही, असं आधी मनात आलं. पण तेवढ्याने अळी औषधाला दाद देईनाशी होत नाही. खाण्यातही फरक असायचं कारण नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे साग उघडाबोडका असतो, पान औषधालाही मिळत नाही. म्हणून थंडी सरल्यापासून पाऊस येईपर्यंत अळ्यांना शिजवलेलं खाद्य देतात. हरभरा डाळीचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं, बुरशी धरू नये म्हणून एक पूड आणि घट्ट व्हायला आगर. ताटात ओतायचं, थिजलं की वड्या पाडायच्या. कागदोपत्री त्याचं नाव कृत्रिम खाद्य. आम्ही सगळे पिठलं म्हणतो, सरसुद्धा. पिठलं एकाच पातेल्यात शिजतं आणि दोन्ही फळ्यांवर जातं. त्यामुळे माझ्या वहीत तारीख, पिढी, डबा, वजन, तापमान, मात्रा, मेली की जगली, सगळ्यांना रकाने आहेत. खाण्याला नव्हता.

मावशी पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरने येतात. पंधरा वर्षं अळ्या त्यांच्याच हाती आहेत. बैठकीत त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मी त्यांना बोलावलं, वही दाखवली आणि विचारलं, खालच्या डब्यांचं वेगळं काही केलं होतं का.

“खालच्यांला पाला टाकला होता की,” मावशी म्हणाल्या.

“कसला पाला?”

“सागाचा. वाळलेला. तुमाला म्हणलं होतं मी, मॅडम. तुमी कोष मोजायलता. बरं म्हणल्या.”

मी बरं म्हणाले असणार. मोजताना मी कुणालाही बरं म्हणते.

मुलगी ओट्याशी काचा धूत होती. तिने नळ बंद केला.

मावशींनी सांगितलं ते असं. एप्रिलच्या शेवटी खालच्या डब्यांतल्या अळ्या पिठल्याला तोंड लावीनात. वारा नसल्याने वडीला पाणी सुटायचं आणि अळ्या कोपऱ्यात मलूल पडायच्या. मावशींकडे गेल्या दिवाळीच्या आधी तोडलेला सागाचा पाला होता. त्यांनी तो सावलीत वाळवून, चुरून, बरणीत भरून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडून वाळवतात आणि उन्हाळ्यात हिरवं मिळेनासं झालं की त्याची भाजी करतात. तशीच माझ्याही घरी करतात, आईच्या हातची मी वीस वर्षं खाल्ली. अळ्यांनाही उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही, म्हणून त्यांचं वाळवण.

“जित्राब उपाशी कसं ठिवावं?” मावशी म्हणाल्या. “वडीवर भुरभुरला. लगेच खायलागल्या.”

मुलगी हात तसेच ओले ठेवून माझ्याशेजारी आली आणि लाल फुल्या बघत राहिली. मग खाली बसली. मला वाटलं ती मावशींवर ओरडेल. तिने विचारलं, एका डब्याला किती टाकला.

“चिमूट.”

“चिमूट म्हणजे किती, मावशी?”

“चिमूट म्हंजे चिमूट. आता तुला काय सांगू?”

दोन वाजता वीज आली तेव्हा मुलीने तराजू लावला आणि बरणीतला उरलेला पाला घेऊन मावशींना दहा चिमटी टाकायला लावल्या, प्रत्येक वेगळ्या कागदावर. मी वजनं लिहून घेतली. दहाच्या दहा जवळजवळ सारख्या निघाल्या. मग मुलीने स्वतः दहा टाकल्या. तिच्या चिमटीत दुपटीचा फरक होता.

“चाळीस वर्षं मीठ टाकायलेय मी,” मावशी म्हणाल्या. “तू थेंबच टाक, ताई.”

हसलो तिघीही, पण फार वेळ नाही. कारण पुढे विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या की सगळ्या डब्यांना सारखा नव्हता टाकला. जास्त मलूल दिसतील त्यांना दोन चिमटी, बाकीच्यांना एक, आणि कुठल्या डब्याला कुठल्या दिवशी दोन, ते आता आठवत नाही. मी वहीच्या प्रत्येक कोऱ्या पानावर पट्टी लावून ‘खाणं’ असा रकाना आखायला घेतला. चाळीसेक पानं झाल्यावर मनगट दुखायला लागलं, तेव्हा थांबले.

चार वाजता आम्ही सरांच्या खोलीत गेलो. मावशींना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. मुलीने सगळं सांगितलं. सरांनी फुल्या पाहिल्या, वरची फळी खालची फळी दोनदा समजून घेतली आणि तरीही मान हलवली.

“औषध आपण पाठीवर सोडतो. पोटात काय आहे त्याचा काय संबंध?”

मला त्या वेळी सरांचं म्हणणं पटलं होतं हे लिहून ठेवते. मुलीने शांतपणे सांगितलं. सागाच्या पानात असं काही असतं की जे अळीला बाधतं. पान खाऊन जगायचं तर ते बाधक जिरवण्याची तयारी अळीच्या अंगात व्हावी लागते. ती तयारी एकदा झाली की औषधही त्यातच जिरतं, मग ते पोटातून आलेलं असो की पाठीवरून. पिठल्यात बाधणारं काहीच नाही. पिठल्यावरच्या अळ्या गुबगुबीत होतात, वजनाला चांगल्या भरतात, पण त्यांना कशाशीच झगडावं लागलेलं नसतं, म्हणून थोडक्या औषधाने मरतात. हे सगळं अजून अंदाजानेच सांगतेय, असंही तिने सांगितलं.

सरांनी पेडगावच्या बाजूच्या एका रोपवाटिकावाल्याची गोष्ट काढली. त्याला आम्ही मागच्या वर्षी एका जुन्या औषधाची मात्रा लिहून दिली होती, तीही अशीच उन्हाळ्यात पिठल्यावर काढलेली. पावसाळ्यात त्याचा फोन आला की अळ्या मरत नाहीत. सरांनी त्याला पंपाचं नोझल तपासायला सांगितलं. त्याने नोझल बदललं आणि पुन्हा फोन केला. तेव्हा फवारणी पानाच्या खालून करत नसशील, असं आम्ही त्याला सुनावलं. ‘आम्ही’ म्हणजे फोन सरांचा होता, पण शेजारी बसून मान मी डोलावली होती.

तरीही सरांनी जो तोडगा सुचवला तो वाईट नव्हता. तिसरी फेरी बाद करायची, पण ‘हाताची चूक’ न लिहिता ‘खाद्य बदललं’ असं खरं कारण लिहून. जूनमध्ये निव्वळ पिठल्यावर तिसरी फेरी घ्यायची. तिन्ही फेऱ्या पिठल्याच्या, तिन्ही धरून असतील, प्रबंधात खोटं एक अक्षर नसेल. पोच मिळेल, अर्ज जाईल. पानावरचं काम नंतर सवडीने.

मी लगेच दुजोरा दिला. तारखा माझ्याकडे तयार होत्या : चार जूनला फेरी, सहाला मोजणी, दहापर्यंत लिखाण, वीसला बांधणी, दहा दिवस हाताशी. मुलीला मी त्या एकामागून एक वाचून दाखवल्या. मला तिची जागा जायला नको होती. रकाना माझ्या वहीत नव्हता आणि त्याची किंमत तिने मोजावी हे मला बघवत नव्हतं.

ती ऐकून घेत होती. मग सरांना म्हणाली, “झाडावर पिठलं लागत नाही, सर.”

सर हसले. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली की हा आकडा तिच्या नावाने छापला जाईल, आणि कुणीतरी रोपवाटिकावाला तो वाचून पंप भरेल, आणि आपण त्याला नोझल तपासायला सांगू. तिला तीन खाद्यं शेजारीशेजारी ठेवून मोजायची होती. नुसतं पिठलं, पिठल्यात मोजून घातलेला पाला, आणि ताजं पान. ताजं पान पावसाशिवाय येणार नाही.

“मग जून विसरा,” सर म्हणाले.

“विसरले,” ती म्हणाली.

ती व्हरांड्यात जाऊन घरी फोन करून आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दाराआडून एवढंच कानावर आलं की ती कुणाला तरी पुन्हा पुन्हा सांगत होती, नाही, माझी चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. मावशी मला हळूच म्हणाल्या, “मॅडम, माझ्यामुळं पोरीची जागा गेली का?” मी म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हे समजुतीसाठी म्हटलेलं नव्हतं. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि पाचच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

३० जून आला आणि गेला. त्या दिवशी माझ्या यादीत अकरा कामं होती, ती सगळी झाली. पहिल्या क्रमांकाचं काम मी आधीच खोडलं होतं.

मुलगी आता सेलूला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि शुक्रवारी संध्याकाळी इथे येते, रविवारी परत जाते. पिठल्याच्या फेऱ्या जुलैत झाल्या. पाल्याच्याही झाल्या, मावशींच्या बरणीतला तळाचा पाला तराजूवर मोजून. आकडे तिने म्हटलं होतं तसेच पडत आहेत, पण ती कुणाला सांगत नाही आणि मलाही सांगू देत नाही.

ताज्या पानाचं मात्र जमत नव्हतं. साग फुटला तशी मी पहिली पानं जवळच्या बांधावरून आणवली. धुतली, पुसली, डब्यांत घातली, नव्या रकान्यात ‘ताजं पान’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐंशीच्या ऐंशी अळ्या मेलेल्या, औषधाचा थेंबही न लागता. बांधाच्या अलीकडे कापूस होता आणि कापसावर फवारणी झाली होती, वाऱ्याने ती सागावर गेली होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढचे पंधरा दिवस नवी पिढी तयार करण्यात गेले. त्यानंतर पाऊस लागून राहिला आणि पानं इतकी ओली यायची की डब्यांत बुरशी धरायची. मुलगी शुक्रवारी यायची, बुरशी बघायची, डबे धुवायला घ्यायची. तक्रार करत नव्हती. एकदाच म्हणाली की बसमध्ये तिला आता उभ्याने झोप लागते.

शेवटी मावशींनीच पिंगळीत जागा शोधली. कालव्याच्या पलीकडे तोडलेल्या सागांचे बुंधे आहेत, त्यांना धुमारे फुटलेत, आणि आसपास पीक नाही, सगळं पडीक. त्या आता रोज गाडीला येताना एका ओल्या फडक्यात कोवळी पानं गुंडाळून आणतात. गाडीच्या डब्यातले लोक विचारतात, मावशी पत्रावळ्या करायल्या का. त्या हो म्हणतात, कारण खरं सांगायला गेलं तर लांबण लागते.

आठ दिवस झाले, अळ्या त्या पानांवर आहेत आणि एकही मेलेली नाही. आज सकाळी मी वजनं घेतली. पिठल्यावरच्यांपेक्षा हलक्या भरल्या. अजून दोनदा कात टाकतील तेव्हा थेंबाजोग्या होतील, म्हणजे पुढच्या शनिवारी, मुलगी इथे असताना, पाऊस आणि वीज दोन्ही नीट राहिले तर. औषधाच्या पाचही मात्रांच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आहेत. सुई उकळून घेतली. भिंगाचा बल्ब बदलला. तीस-तीसच्या सहा रांगा वहीत आखून झाल्या, पुढे डब्यांचे क्रमांकही लिहिले. ताज्या पानावरची पहिली फेरी तेवढी घ्यायची आहे.